लहान खणातली चटणी

ऑक्टोबर आला की अमेरिकेतली माणसं भोपळा घराबाहेर पायरीवर मांडतात आणि आपली माणसं कढीपत्ता घरात आणून खिडकीशी बसवतात. भोपळा भुतांसाठी असतो, कढीपत्ता फोडणीसाठी. भुतं वर्षातून एकदाच येतात आणि फोडणी दिवसातून दोनदा, त्यामुळे काळजी आपल्याकडे जास्त.

दोन हजार चार सालचा तो ऑक्टोबर मी आणि शरयूनं मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी या गावी काढला. गाव आपलं म्हणायचं; चालत कुठेही जाता येत नाही. आमची मुलगी नीलांबरी आणि जावई परीक्षित सकाळी आठला कॉम्प्युटरकडे जात आणि संध्याकाळी सहाला एक कॉम्प्युटर पिशवीत घालून घरी आणत. नात रुही नऊ वर्षांची, ती पिवळ्या बसनं शाळेत जाई. उरलेलं घर दिवसभर आमच्या ताब्यात. त्यात मला टीव्हीचा रिमोट मिळाला आणि शरयूला स्वयंपाकघर, म्हणजे वाटणी पुण्यासारखीच झाली.

बाहेर मेपलची झाडं लाल-पिवळी होऊन उभी होती. ती बघायला लोक गाड्या काढून शंभर-शंभर मैल जात. शरयूनं ती खिडकीतून पाहिली, "छान आहेत हो," म्हणाली आणि ओव्हन उघडला. त्यातून चार कढया, दोन तवे, पोळपाट आणि इडलीपात्र निघालं.

"हे कपाट गरमही होतं," मी माहिती दिली.

"मग त्यात दाणे भाजता येतील," ती म्हणाली, आणि कढया मोजून जमिनीवर मांडल्या.

त्यानंतर तिनं त्या घराचा जो उपयोग केला तो बांधणाऱ्याच्याही डोक्यात नसेल. घर तापवायला जमिनीत गरम हवेच्या जाळ्या होत्या. त्यातली जेवणघरातली जाळी इडलीच्या पिठाला मिळाली, जिन्याखालची दह्याला आणि पाहुण्यांच्या खोलीतली, म्हणजे आमची, चिवड्याच्या पोह्यांना. मी तीन आठवडे पोह्यांच्या वासात झोपलो. एका रविवारी सगळे सफरचंदं तोडायला म्हणून बागेत गेले आणि हौसेनं पोतंभर घेऊन आले. तिसऱ्या दिवशी सफरचंदाकडे कुणी बघेना. शरयूनं अर्ध्यांचा साखरांबा केला, अर्ध्यांचं लोणचं घातलं. शेजाऱ्यांच्या पायरीवर दोन भोपळे होते. त्यांच्याकडे ती जाता-येता अशा नजरेनं बघायची की मला धास्ती वाटे. शेवटी परीक्षितनं दुकानातून एक भोपळा आणून दिला आणि त्याचे घारगे झाले. रुहीनं चार खाल्ले आणि म्हणाली, "आजी, धिस इज द बेस्ट डोनट एव्हर." आजीनं डोनट या शब्दाबद्दल तिला क्षमा केली.

त्या घरात एकाच गोष्टीची टंचाई होती, ती म्हणजे कढीपत्ता.

पुण्यात कढीपत्ता ही विकत घ्यायची वस्तू आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. भाजीवाली कोथिंबिरीवर मूठभर फेकते, आपण नको म्हणत नाही. श्रूजबरीत फोडणीला पाच पानं. पाहुणे असले तर सहा. आमटीतलं पान बाजूला काढून ठेवायची माझी आयुष्यभराची सवय, पहिल्याच जेवणाला नीलांबरी म्हणाली, "बाबा, ते चावून खा. प्लीज."

आमच्याखेरीज गावात चौदा मराठी घरं होती. चौदाही घरांत कढीपत्त्याची कुंडी होती आणि सगळ्या कुंड्या एकाच झाडाची पिल्लं. ते आईझाड सरलाताईंचं.

सरलाताई मूळच्या नागपूरच्या, तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या. त्यांचे यजमान एकनाथराव इंजिनियर होते. त्यांनी ब्याऐंशी साली न्यू जर्सीच्या कुणा तमिळ मित्राकडून बोटभर रोप ओल्या रुमालात गुंडाळून आणलं. बावीस वर्षांत त्याचं सात फुटांचं झाड झालं. मे महिन्यात बाहेर, सप्टेंबरात आत, असा त्याचा नेम. त्यासाठी एकनाथरावांनी कुंडीखाली बसेल अशी चाकांची पाटी बनवली होती आणि तिला ब्रेक बसवला होता. ते गेल्यावर चार वर्षं ती पाटी सरलाताई एकट्याच ढकलत होत्या. आता त्यांचा मुलगा देवांग त्यांना कायमचं आपल्याकडे, शिकागोजवळ शॉमबर्गला, न्यायला येणार होता. घर विकून झालं होतं, सामान पुढे गेलं होतं. झाड मात्र जाणार नव्हतं. सात फुटांचं झाड देवांगच्या गाडीत मावत नव्हतं आणि त्याच्या फ्लॅटमध्ये, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, ऊन येत नव्हतं.

झाड कुणाला मिळणार यावरून गावात महिनाभर प्रेमाला भरतं आलं होतं. लोक सरलाताईंना न मागता डॉक्टरकडे ड्राइव्ह करून नेत होते. राजेश नावाच्या एका सॉफ्टवेअरवाल्यानं दोनदा शिडी लावून त्यांच्या छपराच्या पन्हळीतली पानं काढून दिली. स्वतःच्या घरी तो शिडीवर चढत नाही असं त्याच्या बायकोचं म्हणणं होतं. पण सरलाताईंनी झाड नीलांबरीला दिलं. कारण चारचौघांत सांगितलं.

"हिच्या स्वयंपाकघरात दक्षिणेचं ऊन आहे. आणि मनोहरराव दिवसभर घरात असतात. त्यांना दुसरं काम नाही."

मी नम्रपणे मान लववली. इतक्या थोडक्यात माझं वर्णन कुणी केलं नव्हतं.

रविवारी झाड आलं. सरलाताईंनी ते खिडकीशी उभं केलं, पाटीचा ब्रेक लावला, पानांवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "हे गेल्यापासून घरात बोलायला हा एवढाच होता हो. पुढच्या रविवारी मी निघणार. शनिवारी तुमच्याकडे कोजागिरीला येईन, तेव्हा एकदा बघेन. नीट रुळलेला दिसला की सुखानं गाडीत बसेन. नाही दिसला तर माझं काही खरं नाही."

"अजिबात काळजी करू नका," मी म्हणालो.

"थंडी लागू देऊ नका. चांगलं ऊन असलं तर तासभर बाहेर. बस."

कोजागिरी त्या वर्षी खरी बुधवारी होती. पण तिकडे सण शनिवारी करतात आणि चंद्राला तसं कळवायची पद्धत नाही. शनिवारी तीस माणसं जेवायला येणार होती: कोजागिरीचं दूध आणि सरलाताईंचा निरोप.

आता यंत्राबद्दल सांगायला हवं. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक यंत्र होतं, ते बाहेरचं तापमान आत आकड्यात दाखवायचं. परीक्षित भला माणूस; आम्ही येण्याआधी त्यानं ते मुद्दाम आपल्या सवयीच्या सेल्सिअसवर करून ठेवलं होतं. रोज सकाळी चहा घेताना मी आकडा मोठ्यानं वाचायचो. नऊ. सात. अकरा. घरातलं माझं तेवढंच अधिकृत काम. गुरुवारी यंत्राची बॅटरी संपली. परीक्षितनं नवी घातली आणि तो ऑफिसला पळाला. नवी बॅटरी घातली की ते यंत्र शिकवलेलं सगळं विसरतं आणि जन्मानं होतं तसं अमेरिकन होतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही आणि मला ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी सकाळी दहाला मी आकडा वाचला. चव्वेचाळीस.

आता कुणालाही वाटेल की या माणसाला कळायला हवं होतं. मलाही तसंच वाटतं. पण दोनच दिवसांपूर्वी नीलांबरीनं सांगितलं होतं की ऑक्टोबर सरताना इथे कधीकधी उष्मा परत येतो आणि त्याला इंडियन समर म्हणतात. त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही, जरा अभिमानच वाटला. तरी खात्री करावी म्हणून खिडकीतून पाहिलं, तर समोरचा शेजारी अर्ध्या चड्डीत अंगणातली पानं गोळा करत होता. पुरावा भक्कम होता. दार सरकवून मागच्या लाकडी डेकवर पाऊल टाकलं तेव्हा मला थंडी वाजली, हे खरं. पण बॉस्टनच्या विमानतळावर उतरल्यापासून मला थंडी वाजतच होती. दोन स्वेटर आणि कानटोपी मी अंघोळीपुरतीच उतरवायचो. माझ्या अंगावर माझा विश्वास राहिला नव्हता. यंत्रावर होता.

ब्रेक काढला, झाड ढकलत डेकवर नेलं, उन्हात उभं केलं.

"अहो, बाहेर कशाला काढलंत?" शरयूनं जिन्यावरून विचारलं.

"चव्वेचाळीस आहे."

"अगं बाई! नागपूरला गेल्यासारखं वाटेल त्याला."

दुपारी मी जरा पडलो. चारला रुही आली, सहाला नीलांबरी आली, आणि सगळेच्या सगळे शनिवारच्या खरेदीला इंडियन स्टोअरला गेलो. बटाटे, चारोळी, जायफळ, मोठ्या कॅनमधलं दूध. परतलो तेव्हा अंधार पडला होता. पिशव्या आत घेण्याच्या गडबडीत डेककडे कुणी पाहिलं नाही. झोपायला जाताना मी यंत्र मात्र वाचलं. एकोणतीस.

"रात्री छान गारवा आलाय," मी शरयूला म्हणालो आणि पोह्यांच्या वासात शांत झोपलो.

शनिवारी सकाळी झाड जागेवर होतं. पानंही सगळी होती. पण ती काळपट होऊन, उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती. डेकच्या कठड्यावर पांढरी भुकटी पसरल्यासारखं दिसत होतं. मला वाटलं कुणी रांगोळी सांडली.

रुही पायजम्यात येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. तिनं यंत्राकडे पाहिलं. "आजोबा, दॅट्स फॅरनहाइट." चव्वेचाळीस म्हणजे आपले सात, आणि रात्रीचे एकोणतीस म्हणजे शून्याच्याही खाली. मग झाडाकडे पाहिलं आणि माझा हात धरला. "उप्स."

नीलांबरीनं झाड पाहिलं आणि ती जिन्याच्या पायरीवर बसली. तिला रडू आलं. ती लहानपणीही अशीच बसायची.

"बाबा, संध्याकाळी सरलामावशी येणार आहे. उद्या ती कायमची जाणार. तिनं एवढ्या लोकांतून मला दिलं. सहा दिवस झाले फक्त. काय दाखवू मी तिला?"

मी कानटोपी काढून हातात घेतली.

"पॅनिक करू नका," परीक्षित म्हणाला. तो कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता. संकट आलं की त्याचा आवाज खाली यायचा. "बॅकअप आहे."

"कसला बॅकअप?"

"गावात चौदा कुंड्या आहेत ना बाबा? सगळ्या याच झाडाच्या. सगळ्यात मोठी राजेशकडे. आज संध्याकाळपुरती आणायची, खिडकीत ठेवायची. मावशी बघेल, खूश होईल, उद्या निघेल. मार्चमध्ये फोनवर हळूच सांगू."

"हे चीटिंग आहे," नीलांबरी म्हणाली.

"तिनं सुखानं जावं असं तुला वाटतं की नाही?"

मार्चमध्ये मी पुण्यात असणार होतो, त्यामुळे मला या योजनेत एकही दोष दिसला नाही. मी तसं म्हणालो.

एवढं बोलणं होईपर्यंत शरयू पदर खोचून डेकवर गेली होती आणि मोठं पातेलं मांडून फांद्यांवरची पानं ओरबाडत होती.

"आई! काय करतेयस तू?"

"वास आहे अजून. ऊन चढलं की सडतील."

"अगं, इथे काय होऊन बसलंय, आणि तुला पानांचं..."

"जे झालं ते यांनी केलं," शरयू म्हणाली. "पानांनी काय केलंय?"

सकाळभर त्या घरात दोन कामं चालली. बाहेर परीक्षित आणि मी उघडं पडलेलं झाड पाटीवरून गॅरेजमध्ये नेऊन जुन्या चादरीखाली लपवत होतो. आत शरयू पानं धुऊन, पुसून, पाहुण्यांच्या खोलीतल्या जाळीवर पंचा अंथरून सुकवत होती. मग मंद आचेवर ती कुरकुरीत भाजली. सुकं खोबरं, तीळ, लाल मिरच्या, लसूण, चिंचेचं बोटुक, मीठ. मिक्सर थांबला आणि झाकण उघडलं तेव्हा वास गॅरेजपर्यंत आला आणि आम्ही दोघांनी चादर सोडून नाक वर केलं. मला माझ्या आईचा डबा आठवला. तीस-पस्तीस वर्षांत आठवला नव्हता. शाळेत मधल्या सुट्टीत झाकण काढलं की हाच वास यायचा आणि बाकावरचे दोघंतिघं माझ्याकडे सरकायचे.

"बाबा, आपल्याला वाईट वाटायला हवं ना?" परीक्षितनं विचारलं.

"वाटतंय की," मी म्हणालो. "पण भूकही लागली आहे."

दोन बरण्या भरल्या. नीलांबरीनं त्या फडताळात मागे ढकलल्या आणि आईला बजावलं, "हे आज बाहेर काढायचं नाही." शरयू बरं म्हणाली.

चारला राजेश आला. त्यानं कुंडी व्हॅनच्या मधल्या सीटवर ठेवली होती, तिला लहान मुलाचं पांघरूण गुंडाळलं होतं आणि पट्टा लावला होता.

"उद्या सकाळी दहाला परत, यार," तो परीक्षितला म्हणाला. "आणि मी निघताना काउंट घेतलाय."

"पानांचा?"

"फांदीप्रमाणे."

त्याचं झाड पाच फुटांचं. आम्ही ते स्टुलावर चढवलं, स्टुलाला नीलांबरीची जुनी साडी नेसवली आणि लांबून पाहिलं. सात फूट भरत होतं. परीक्षित म्हणाला, रिझोल्यूशन कमी आहे पण चालेल.

सहाला माणसं आली. सरलाताई राखाडी कोट आणि खाली नारिंगी काठाची साडी अशा आल्या. दारातूनच त्यांनी खिडकीकडे पाहिलं. आम्ही पाचही जण, रुही धरून, एका ओळीत उभे होतो. सरलाताईंनी बराच वेळ पाहिलं. मग हसल्या.

"रुळला की हो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं पानं टाकेल. तुमचा हात चांगला आहे मनोहरराव."

आयुष्यात मी थापा मारलेल्या नाहीत असं नाही. पण थाप फार छान बसली की ती मारणाऱ्यालाच टोचते, हे मला त्या संध्याकाळी समजलं. मी "बसा, बसा" म्हणालो आणि उगीचच खुर्च्या सरकवल्या.

पानं मांडायला सुरुवात झाली. पानं म्हणजे कागदी ताटल्या. त्या ताटल्यांना तीन खण असतात: एक मोठा, दोन लहान. मोठ्यात मसालेभात, एका लहानात वडे, घारगे. डावीकडचा लहान खण रिकामा राहिला. नीलांबरीनं लिंबाची फोड ठेवायला सांगितली होती, पण लिंबं दुकानातच विसरली होती. शरयू ताटल्या भरत होती. सत्तेचाळीस वर्षं तिनं ताटाची डावी बाजू रिकामी ठेवून कुणाला जेवायला बसवलं नव्हतं; हाताची सवय. तिनं फडताळ उघडलं. मी पाहिलं, पण मी लांब होतो. तीस ताटल्यांत तीस चमचे पडले.

सरलाताईंनी वडा मोडला, चटणीला लावला, तोंडात घातला. आणि थांबल्या. मग वडा खाली ठेवून नुसती चटणी बोटावर घेतली.

"शरयूताई, ही कशाची?"

"कढीपत्त्याची," शरयू म्हणाली. पदार्थ कशाचा विचारलं तर बाई खरंच सांगते, तिथे विचार करायला वेळ नसतो.

जमलेले बहुतेक सगळे सॉफ्टवेअरवाले. चमचाभर चटणीला किती पानं आणि तीस चमच्यांना किती, हे त्यांनी तोंडी केलं आणि सगळ्यांनी एकदम खिडकीतल्या झाडाकडे पाहिलं. तिथलं एक पान हललेलं नव्हतं. राजेशनं ताटली टाकली आणि तो झाडाशी जाऊन फांद्यांवरची पानं मोजू लागला.

"इतकी पानं कुठली हो?" सरलाताईंनी विचारलं.

"मावशी, ते इंडियन स्टोअरमध्ये..." परीक्षितनं खालच्या आवाजात सुरुवात केली.

"स्टोअरच्या पानांना वास असतो काय?"

नीलांबरीचा चेहरा मला दिसत होता. ती आता पुन्हा पायरीवर जाऊन बसेल असं वाटलं. मी उठलो.

"सरलाताई, खिडकीतलं झाड तुमचं नाही. तुमचं गॅरेजमध्ये आहे. मी काल ते बाहेर काढलं, रात्री तिथेच राहिलं. मुलांचा काही दोष नाही. झाड मी मारलं आणि आत्ता दारात तुमची शाबासकीही मीच खोटी घेतली."

त्या हातातली ताटली घेऊनच उठल्या आणि गॅरेजकडे चालू लागल्या. मी मागे, माझ्यामागे घरचे, त्यांच्यामागे अर्धं गाव. परीक्षितनं चादर ओढली. झाड म्हणजे नुसत्या काड्या राहिल्या होत्या.

सरलाताईंनी ताटली माझ्या हातात दिली. नखानं वरची फांदी खरवडली. तपकिरी. हातभर खाली खरवडलं. तपकिरी. कमरेशी, गुडघ्याशी. तपकिरीच. मग त्यांनी पालथी बादली ओढली, तिच्यावर बसल्या, वाकल्या आणि मातीपासून चार बोटांवर नख लावलं.

"आहे," त्या म्हणाल्या.

मी वाकून पाहिलं. साल निघाली होती तिथे ओलसर हिरवी रेघ होती, भुईमुगाच्या कोवळ्या दाण्याएवढी.

"करवत आणा."

परीक्षितनं करवत आणली. तिच्यावरचं दुकानाचं लेबलही निघालं नव्हतं. सरलाताईंनी कुणाला हात लावू दिला नाही. बावीस वर्षांचं झाड त्यांनी बादलीवर बसून वीतभर उंचीवर कापलं. वरचं सगळं फरशीवर पडलं, फारसा आवाज न होता. (खुंट मे महिन्यात फुटला. पण तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मीही आत्ता विसरतो.)

"सरलाताई, मी..." मी म्हणालो.

"द्या ती ताटली इकडे."

मी दिली. त्या तिथेच बसून चटणी खाऊ लागल्या. आधी वड्याबरोबर, मग भाताबरोबर, मग नुसतीच. गॅरेजमध्ये गार होतं, पण कुणी हललं नाही.

"नागपूरला धरमपेठेत आमच्याकडे आई करायची ही," त्या खुंटाकडे बघत म्हणाल्या. "ओंजळ ओंजळ गोडनिंब, म्हणजे तुमचा कढीपत्ता, तोडायची. आम्ही शाळेतून आलो की गरम पोळीवर, वरून जवसाचं तेल. लग्नानंतर इकडे आले ते विसरूनच गेले. यांनी झाड वाढवलं, पण तोडू द्यायचे नाहीत. पाच पानं. मी एकदा आठ तोडली तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत."

कुणीतरी मागे हसलं. सरलाताईही हसल्या.

"हे गेल्यावर वाटलं होतं, आता करीन एकदा. झाड माझंच होतं, घरात कुणी नव्हतं. तरी चार वर्षं पाचच तोडत राहिले. काहून, ते मलाच माहीत नाही. भाचीच्या लग्नाला डिसेंबरात नागपूरला गेले नाही, याला पाणी कोण घालेल म्हणून. आणि उद्यापासून मी शॉमबर्गहून रोज फोन करणार होते नीलांबरी, तुला सांगते. ऊन मिळालं का, पाणी घातलं का. तू वैतागली असतीस."

"नसते वैतागले मावशी." नीलांबरी त्यांच्याजवळ जमिनीवर बसली होती.

"वैतागली असतीस. आता काय विचारू? खुंटाची तब्येत?" त्यांनी ताटलीचा लहान खण बोटानं पुसून घेतला. "फुटला तर तुझा. नाही फुटला तर राजेशकडून एक पिल्लू घे."

राजेश दारात आपली कुंडी मिठीत घेऊन उभा होता. "माझ्याकडून?" तो म्हणाला. मग सगळे आपल्याकडे बघताहेत हे बघून, "देईन ना. देईन की."

"मनोहरराव," सरलाताई उठता उठता म्हणाल्या, "मी तुमच्यावर रागावले आहे."

"रागवा."

"पण आधी शरयूताईंना विचारा, अजून आहे का."

दुसऱ्या बरणीतली चटणी त्या संध्याकाळी निघाली. दूध आटलं, जायफळ पडलं, लोकांनी काचेच्या दारातून चंद्र पाहिला. तो तीन दिवस शिळा होता, तरी चांगला होता. घरी जाताना गावातल्या बायका शरयूजवळ थांबून कृती विचारत होत्या. शरयू सांगायची, "दोन वाट्या पानं घ्यायची," आणि ऐकणारी आपल्या कुंडीची पानं बोटांवर मोजू लागायची.

रविवारी सकाळी देवांगची गाडी आमच्या दारात थांबली. तो पस्तिशीचा उंच मुलगा, मराठी समजायचं, बोलायचा इंग्रजीत. सरलाताई खाली उतरल्या, पण आत आल्या नाहीत. झाड बघायचं का, असं मी विचारलं.

"नको. पाहिलं की काल," त्या म्हणाल्या आणि शरयूसमोर हात पसरला. "उरली आहे ती द्या."

शरयूनं दुसऱ्या बरणीतली शिल्लक एका डब्यात काढून ठेवली होती. डबा स्टीलचा, झाकण घट्ट, वरून प्लास्टिकची पिशवी. तरी वास यायचा तो आलाच.

"आई, इट्स अ थाउजंड माइल्स," देवांग म्हणाला. "कॅन दॅट गो इन द ट्रंक?"

"नाही," सरलाताई म्हणाल्या.

त्या पुढच्या सीटवर बसल्या, डबा मांडीवर घेतला आणि डब्यावरून पट्टा लावला. नीलांबरीनं खिडकीतून त्यांना मिठी मारली, ती बराच वेळ सुटली नाही. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे बघून बोट हलवलं, रागावले आहे अशा अर्थी, आणि गाडी निघाली.

रस्त्यावर रात्रीची पानं पडलेली होती, त्यांवरून ती सावकाश गेली. कोपऱ्याजवळ, वास बाहेर जावा म्हणून, देवांगच्या बाजूची काच खाली आली. आम्ही बघत होतो. गाडी वळायच्या आत सरलाताईंचं बोट हललं आणि ती पुन्हा वर गेली.